धावफलकाच्या मागून

मिसेस वँडरव्हीन,
तुम्ही हंगामाचा अहवाल मागितलात.
मॅनेजरनं दिलाच असेल, टाय लावून, टक्केवारीसकट.
माझा हा वेगळा.
मी फळ्यामागे असतो, शिडीवर,
पत्र्याचे आकडे खिळ्यांना टांगतो
आणि अजून न खेळलेल्या डावाच्या
रिकाम्या चौकटीतून सामना बघतो.
डाव सरत जातात तसं मला कमी कमी दिसतं.
नववा डाव मी बहुतेक कानांनीच बघतो.

एकशे चाळीस सामने. एक्केचाळीस जिंकले.
शेवटच्या दिवशी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, जिंकलो
आणि पराभवांची शंभरी एकानं हुकली.
हरण्यातसुद्धा आम्ही नव्व्याण्णववर बाद.

मे महिन्यात शून्यं संपली.
पत्र्याची म्हणतोय. बारा होती माझ्याकडे,
बारा वर्षांत कधी कमी पडली नव्हती.
वांडानं घरून पाय भाजायच्या ताटल्या पाठवल्या,
गोल, अॅल्युमिनियमच्या, कडेला करपलेलं सफरचंद.
लांबून कळत नाही.
त्या आठवड्यात सलग तीन रात्री
आम्हाला भोपळा फोडता आला नाही,
आणि फळ्यामागे दालचिनीचा वास.

चार जुलैचं तुम्हाला ठाऊक आहे,
पण तुम्ही लवकर निघून गेला होतात.
नववा डाव, दोन धावांनी पुढे, ते दोन बाद,
तिन्ही तळांवर त्यांची माणसं.
चेंडू उंच उडाला, सरळ लेलंड स्टँडिफरच्या डोक्यावर,
असा झेल त्याची आजीसुद्धा पदरात घेईल.
दारूकामवाल्याला वाटलं, संपलं. त्यानं वात लावली.
लेलंडनं वर बघितलं
आणि त्याला दोनशे चेंडू दिसले, लाल, हिरवे, सोनेरी.
त्यातला खरा त्याच्या बुटाशी पडला.
तिघं घरी पोचली, आमच्याच उजेडात.
पोरगं एकोणीस वर्षांचं आहे. त्याला काढू नका.

एलिहिओ सोळा सामने हरला.
प्रत्येक हरण्यानंतर दार नंबर तीनपाशी
फोनच्या डबीत नाणी सारत उभा असायचा.
मला स्पॅनिश येत नाही.
पण आईशी खोटं बोलण्याचा सूर
कुठल्याही भाषेत ओळखू येतो.

एक आकडा फळ्यावर लागत नाही.
तो मी खिशातल्या वहीत ठेवतो:
तळावर राहिलेले.
पहिल्यापर्यंत पोचले, दुसऱ्यापर्यंत, तिसऱ्यापर्यंत,
जिथून घर नव्वद फुटांवर दिसतं,
आणि मागचा बाद झाला म्हणून
तिथूनच हातमोजा घ्यायला वळले.
एक हजार अठ्ठावीस.
दोनदा मोजले.

ऑगस्टात काचकारखान्याची दुसरी भट्टी विझली.
त्यानंतर बुधवारच्या दुपारच्या सामन्यांना गर्दी वाढली.
तुम्ही तिकिटांचा तक्ता बघून सगळ्यांना आइस्क्रीम दिलंत,
चांगलं होतं.
ती माणसं जेवणाचे डबे घेऊन यायची,
बाराच्या भोंग्याच्या वेळेला उघडायची, भोंगा नसताना.
त्यांनी एकदाही आमच्या पोरांना शिव्या घातल्या नाहीत.
ह्याचीच मला जास्त भीती वाटली.
जूनपर्यंत घालायची.

बाकी मॅनेजर म्हणेल ते खरं:
डावखुरा गोलंदाज हवा, शॉर्टस्टॉप हवा,
बसला नवा क्लच हवा.
माझी मागणी लहान आहे.
पांढरा रंग, एक डबा.
शून्यं, सहा. (ताटल्या वांडाला परत द्यायच्यात,
थँक्सगिव्हिंग आलं.)
सात, आठ आणि नऊ नव्यासारखे आहेत,
आमच्या ओळीतले.

काल फळा धुवायला गेलो.
गवत पिवळं, नदीवरनं धुकं,
आणि होम प्लेटवर कुणीतरी
एक भोपळा ठेवून गेलंय, खराखुरा,
डोळे कोरलेला, हसणारा, एक दात कमी.
कुंपण कुठून ओलांडलं, कळलं नाही.
नियमाप्रमाणे उचलायला हवा होता.

घरी पोचलेला आहे बिचारा.
राहू दिला.