पाणी कुठे मुरतं

पहिला खर्डा फेब्रुवारीतला.
कोविल्यांत, डोंगरउतारावरच्या जुन्या लोकर-गिरणीत
आता आमचं कॉलेज भरतं.
कापड-इंजिनियरिंगच्या पोरांना मी लेखन शिकवते,
म्हणजे सोमवारी दोन तास.

"पहाटे पाचला नदीवर जा.
अर्धा तास बसा.
ऐकू येईल ते लिहा. हजार शब्द."

वाचून माझं मलाच कौतुक वाटलं.
असा गृहपाठ मला कुणी दिला असता तर, म्हटलं,
मी कुठल्या कुठे असते.

वर्गात इओलांदाचा हात वर:
नदीचं नाव शीर्षकात चालेल?
लेआंद्रो: आवाज निदान किती हवेत?
रोझारियुला संदर्भसूचीची चिंता.
नदीचा संदर्भ नदी, मी म्हटलं.
कुणी हसलं नाही.
लिहून मात्र सगळ्यांनी घेतलं.

तास संपल्यावर तोमे व्हिलार थांबला,
भुवयांत पीठ.
बाई, पाचला मी भट्टीवर असतो,
रात्री अकरापासून.
नदी मला धूर ओढणाऱ्या पंख्यापलीकडून ऐकू येते,
म्हणजे येत नाही.
खोटं लिहू, की रजा काढू?
रजेचे पैसे कापतात.

घोडं इथंच अडलं होतं.
ज्याला झोप परवडते, बूट आहेत,
असा एक मुलगा समोर बसवून
मी प्रश्न रचला होता
आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'विद्यार्थी'.

रात्री 'पहाटे पाचला' खोडलं.
मग 'नदीवर'.
मग 'ऐकू येईल', कारण झेलियाच्या कानातलं यंत्र
पाण्याची नुसती खरखर करतं,
आणि हे ती मला दोन वर्षं सांगत होती.
हजार शब्द कशाला, तेही आठवेना.
कागदावर उरलं 'जा' आणि 'लिहा'.

पण सगळंच मोकळं सोडलं
की पोरं आकाशावर लिहितात,
फार तर आईवर.
खुंटी एकच हवी, पण घट्ट.
दोन आठवडे मी तिच्यावर हातोडी घालत होते,
भाजी करपवत होते.
शेवटी एवढंच दिलं:

"तुमच्या दिवसात पाणी कुठे मुरतं?
माग काढा.
दिसेनासं होईल तिथे थांबा."

झेलियानं खोलीच्या भिंतीवरची ओल
दर रविवारी पेन्सिलीनं आखली, तारखांसकट.
रोझारियुनं नुसती संदर्भसूचीच दिली:
अकरा नळ, पत्त्यांसह, वर्णानुक्रमे.
लेआंद्रोनं आकाशावर लिहिलं.

तोमेची वही उघडली आणि मांडीवर पीठ सांडलं.
चौदा रात्री.
कणीक किती प्यायली, बाहेर पाऊस होता का,
मालक कुणावर खेकसला.
"मंगळवारी हवा कोरडी. कणकेनं चारशे जास्त ओढले."
"पाव फोडला की वाफ जाते.
त्यापुढे मला दिसत नाही. थांबलो."

माझ्या तक्त्यात तीन रकाने:
आशय, मांडणी, भाषा.
वही तिन्हींत मावेना,
म्हणून तिन्हींत थोडी थोडी कोंबली.
वीसपैकी चौदा.

तो आलाच. चौदा का?
मी पान उघडून बोट ठेवलं:
चारशे काय? ग्रॅम की मिलिलिटर?
एकक कुठाय?

बाई, तो म्हणाला,
पाण्याला दोन्ही सारखंच.

खिडकीखाली नदी वाहत होती,
तिनंही माझी बाजू घेतली नाही.
पोरांचं पाणी जोखायला बसलेली मी
खोडरबर शोधू लागले.
सोळा केले.
सतरा करायला हवे होते, हे घरी पोचल्यावर कळलं,
पण गुण तोवर वर गेले होते.

आता पुढच्या वर्षाचा खर्डा समोर आहे.
प्रश्न तोच ठेवावा म्हणते.
फक्त 'तुमच्या दिवसात' पाशी पेन्सिल थबकते,
तोमेचा दिवस
रात्री अकराला सुरू होतो.