खुंट्यांचं कब्रस्तान

बोगोरच्या दक्षिणेला, सालाक डोंगराच्या पायथ्याशी
दीड गुंठ्याचं कब्रस्तान आहे.
खुंट्या पुरलेल्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर,
प्रत्येकीच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा बिल्ला.
इथे कुणी रडत नाही.
दर सहा महिन्यांनी मांग कार्सिम येतो,
उपटतो, पुसतो, चाकूचं टोक टोचतो
आणि दहापैकी मार्क देतो.

सगळ्या सेंगॉनच्या.
सेंगॉन म्हणजे घाईचं झाड.
मुलगी पाळण्यात असताना लावावं,
तिच्या शाळेच्या फीला तोडावं.
फळी पोरानं एका हातानं उचलावी अशी,
आणि मातीला टेकली की
वाळवी आतून सगळी वाचून काढते,
वरचं पुठ्ठं तेवढं ठेवते.
कार्सिमच्या चुलीमागचा खांब असाच गेला:
बायकोनं सहज पाठ टेकली
आणि खांद्यावर भुसा सांडला.

आधी बोरॉन पाजून बघितलं.
वाळवी मेली, बुरशी मेली.
पण पाऊस इथे रोजचा, तिसऱ्या प्रहरी ठरलेला.
त्यानं औषध धुऊन नेलं,
पाहुण्यानं आपली पिशवी उचलावी तसं.
त्या रांगेला तिसऱ्या वर्षी शून्य.

लिस्नावतीबाई म्हणाल्या, विष राहू दे.
बुरशीला नुसतं लाकूड पचत नाही,
लाकडात मुरलेलं पाणी लागतं.
पाण्याला बसायला जागाच ठेवू नका.
लिंबाचं आम्ल, ग्लिसरीन, दाबाची टाकी,
मग भट्टी, दीडशे अंश, रात्रभर.
पेशींच्या भिंती आतून लिंपून निघाल्या.
बाहेर आलं ते तपकिरी, जडसर,
करपल्या काकवीच्या वासाचं.
जरा ठिसूळही झालं. तेही वहीत आहे.

आज पाचवं वर्ष.
शेजारची साधी खुंटी नाहीच,
तिचा बिल्ला तेवढा चिखलात सापडला.
सत्तेचाळीस नंबर मात्र यायला तयार नव्हती.
दोन्ही हातांनी ओढली.
कार्सिमनं चाकू टोचला.
टक्.
पुन्हा, जमिनीच्या रेषेवर, जिथे सगळ्या मरतात.
टक्.

नऊ लिहिले.
बाईंनी विचारलं, दहा का नाही?
तो म्हणाला, कोपरा मऊ आहे, नखाएवढा.
खुंटी त्याच भोकात परत, टाचेनं माती दाबली.

मग वही मिटता मिटता, बाईंकडे न बघता:
टाकीत आठ फुटी खांब मावेल का?
टाकी चार फुटांची आहे, बाई म्हणाल्या.
तो बोटांनी हवेत काहीतरी मोजत राहिला,
पाऊस सुरू झाला तरी.
दोन जोडून?