कोरे खिळे

कुपवाडच्या एमआयडीसीत रात्री पावणेदोनला
काटा पुन्हा मेला.
साडेबत्तीस किलो नीट दाखवलं,
पावतीचं बटण दाबलं
आणि पाटी काळी.

सकाळी यार्डात हळदीचे सौदे,
अडत्याच्या दारात नऊ काटे पोचवायचेत,
आणि मी फाईल उघडी टाकून बसलेय,
सोळा-सोळा बाइटांच्या ओळी
खाली सरकवत, वर सरकवत.

चूक माझीच. ती साडेबाराला दिसली होती,
मान्य करायला पावणेदोन झाले.
गेल्या आठवड्यात जागा पुरेना म्हणून
लिंकरच्या स्क्रिप्टमध्ये मी चारच्या जागी एक लिहिला.
ऑब्जेक्ट फाईल बिचारी सांगत होती,
मला चारच्या पटीत ठेवा.
प्रत्येक विभागाच्या कपाळावर ते लिहिलेलंच असतं.
मी म्हटलं, सरका, दाटीनं बसा.
सत्तावन्न बाइट वाचले.
साहेबांना सांगितलंसुद्धा.

आता पावतीचा तक्ता एका विषम पत्त्यावर राहतो
आणि हा प्रोसेसर स्वस्तातला.
चारनं भाग न जाणाऱ्या दारात
तो कडी वाजवत नाही,
तिथंच आडवा होतो.

जुनी फाईल शेजारी उघडली. जिथं तिथं शून्यं.
"काय वो म्याडम, ही नुसती शून्यं कशापायी?"
बाबालाल तांबोळी, रात्रपाळीचे वॉचमन,
हातात चहाचा थर्मास.
मी म्हटलं, भरण आहे ते. पुढचं जागेवर पडावं म्हणून.
त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला
आणि बराच वेळ ओळी बघितल्या.
वाचल्या नाहीत, बघितल्या.
"म्हंजे कोरे खिळे."

एकवीस वर्षं खणभागातल्या छापखान्यात जुळारी होते,
हे मला आज कळतंय.
सोसायटीचे अहवाल, लग्नपत्रिका, गाण्याच्या बैठकीची पत्रकं.
"ओळ भरली न्हाई की कोरे खिळे घालायचे.
उंचीला कमी, शाई लागत न्हाई त्यास्नी.
पर काढून बघा.
फर्मा उचलला की समदी अक्षरं भुईवर."

मी सांगत सुटले मग, झोप नसली की मी बोलते:
मोठ्या मशिनांवर हीच फाईल
डिस्कवर पाचशे बाराच्या पायऱ्यांनी बसते,
मेमरीत गेली की चार हजार शहाण्णवच्या, ऐसपैस.
"क्राऊनला येगळं, डेमीला येगळं," ते म्हणाले,
जणू हे सगळ्यांनाच माहीत असतं.
आणि फटीत शून्य भरलं नाही
तर तिथं भलतंच कुणी राहायला येतं;
एकदा मला अशा एका फटीत
कुणाच्यातरी पासवर्डचे तुकडे सापडले होते.
यावर ते काही बोलले नाहीत. चहा ओतला.

"एकोणीसच्या पुरात नदी आत आली.
केसा उलट्या, समदा गाळ.
मालकानं खिळे भंगारात काढले, अकरा पोती.
काट्यापाशी मीच हुतो.
'क'ला आणि कोऱ्याला भाव एकच लागला."

कसला काटा होता, मी विचारलं.
धंद्याची सवय.
"लोखंडी. तुमच्यासारखा मरत न्हवता."

मी चार परत लिहिला.
सत्तावन्न शून्यं आपापल्या जागी आली,
साहेबांना उद्या काय सांगायचं ते उद्या.
थर्मास काट्यावर ठेवला. बटण.
छोटा प्रिंटर किरकिरला:
निव्वळ वजन ०.८४०

बाबालालनी पावती फाडली,
ट्यूबलाइटसमोर धरली.
वजन वाचलंच नाही.
डावीकडचा समास अंगठ्यानं मापला,
मग उजवीकडचा,
आणि "जरा डावीकडं जास्त हाय" म्हणत
गेटकडे निघाले.