एकशे चाळीस बोळे

थुंकीनं पुसते ती देव.
हसू नका.
काडीला कापूस गुंडाळते, जिभेवर फिरवते,
आणि संताच्या गालावर, नखाएवढ्या जागेत,
दाब न देता, एकाच दिशेनं.
मेणबत्त्यांची जुनी काजळी
चहाच्या चोथ्यासारखी बोळ्यावर येते.
मग नवा बोळा.
आज सकाळपासून एकशे चाळीस.
लामारा मोजते, कारण इथे दुसरं काही हलत नाही.

त्बिलिसीहून बाटल्या आणल्यात, चिठ्ठ्या लावलेल्या.
पण या गालाला त्यातली एकही सोसत नाही.
उष्टं तेवढं सोसतं.

वरच्या स्वानेतीत, एका खोलीचं चर्च,
तळहाताएवढी खिडकी, बाहेर कमरेइतका बर्फ.
किल्ली बिमुर्झाच्या घराण्याकडे.
हातभर लोखंड मांडीवर घेऊन
तो दारात बसतो दिवसभर,
शहरातल्या बाईवर नजर ठेवून.

कान सापडला. मग दाढी.
ओठाच्या कोपऱ्यात रंगात रुतलेला
चितारणाऱ्याच्या कुंचल्याचा एक केस.
तो पाहून ती उगाच हसली, एकटीच.
मग उजवा डोळा, टक्क उघडा.
मग डावा.
डावा नव्हताच.
चुन्यापर्यंत खरवडलेला खळगा.

तिनं वहीत लिहिलं:
हेतुपुरस्सर हानी. धारदार वस्तू.

'काय लिहिलंस?'
तिनं वाचून दाखवलं.

'हानी नाही ती,' म्हातारा म्हणाला.
'पाच वर्षांचा होतो. डोळे आलेले,
पापण्या पुवानं चिकटलेल्या.
आत्यानं रात्री किल्ली चोरली,
सुरीनं चिमूटभर डोळा काढला त्याचा,
पाण्यात कालवून माझ्यात घातला.'

'आणि?'

'तुझ्या नाकाला काजळी लागलीय.'

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तोच: 'तुझ्याकडे रंग आहेत.
देऊन टाक त्याला परत. माझ्यावर उधारी आहे.'

तिनं नियम सांगितला.
जे उरलं नाही, ते आपल्या मनानं काढायचं नाही.
कडा धरायच्या, चुना भरायचा, हात मागे घ्यायचा.
बोलताना तिला स्वतःचाच आवाज
कचेरीतल्या माणसासारखा वाटला.

'म्हणजे तीन महिने घासून
आंधळाच ठेवणार त्याला?'
तो उठला. किल्ली कुलपातच राहिली.
एवढ्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच.

दिव्याच्या उजेडात तिनं सुईनं चुना सोडला
खळग्याच्या कडेकडेनं, सुटू पाहणारा एकेक पापुद्रा
बोटाखाली श्वास मोजत धरून ठेवला.
मध्यभाग तसाच ठेवला. सुरीचे सहा ओरखडे.
एक थोडा चुकलेला, घाईतला,
अंधारात हात थरथरला असेल आत्याचा.
वहीतलं 'हानी' खोडलं.
त्या जागी लिहायला शब्द सुचेना.
तीही जागा तशीच राहिली.

सकाळी बिमुर्झा आला.
तिच्याकडे बघितलं नाही, भिंतीकडे नाही.
फडक्यात गुंडाळलेली गरम कुबदारी
बाटल्यांच्या शेजारी ठेवली.

'खा,' म्हणाला.
'तोंड कोरडं पडलं तर
देव कशानं पुसशील?'