तपासले

नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली,
तीन चौकटी असतात :
काढले. तपासले. मंजूर.
मी मधली.
बावीस वर्षं तिथे दोनच अक्षरं टाकत आले : उ. घा.
उज्ज्वला घारपुरे लिहायला जागा नसते.
पुढे एक 'ड' आला असता तर उघाड पडली असती,
हा विनोद मीच करायचे, डबा खाताना.

लहू आल्हाट एका शुक्रवारी पुठ्ठा घेऊन आला.
आदल्या दिवशी गुरुवार, भोसरीला सुट्टी,
मोशीच्या घरी, भंगारातल्या पट्टीतून
त्यानं हुकाची कडी बनवली होती,
दोर सैल पडला तरी न उघडणारी.
पुठ्ठ्यावर सुताराच्या पेन्सिलीनं आकृती,
आतल्या कोपऱ्याशी गोल करून : सहा.
"सहाचा गोल ठेवा, मॅडम.
टोकदार कोपऱ्यात लोखंड रुसून बसतं
आन् एक दिवस काही न बोलता जातं."
ताणाचं ते प्रकरण मी तंत्रनिकेतनात
दोन सत्रं शिकले होते.

पेटंटची चित्रं मीच काढली.
प्रत्येक भागाला बाण, बाणाला आकडा.
स्प्रिंगला सात, खिळीला नऊ,
वॉशरलासुद्धा अकरा मिळाला.
शोधकर्ते म्हणून तीन नावं वरच्या मजल्यावरून आली.
त्यातल्या एकाला कडी कुठल्या बाजूनं उघडते
हे मी दाखवलं होतं.
वकिलांना विचारलं. म्हणाले,
हात पगारावर आहेत, म्हणजे हातातलं सगळं आलं.
पण गुरुवार?
गुरुवारही भरपगारी असतो, बाई.

लहूला पेढे मिळाले. पावशेर.

मग उत्पादनाकडून चिठ्ठी :
सहाला हत्यार बदलावं लागतं,
नगामागे चाळीस सेकंद जातात. तीन चालेल?
आकडेमोड करायला हवी होती.
पावणेसहा झाले होते, बस गेटवर हॉर्न देत होती,
चिंचवडला मुलीची शिकवणी सुटत होती.
उ. घा.
शाई वाळायचीही वाट पाहिली नाही.

कडी चाकणला तुटली, दहा महिन्यांनी.
खाली चारशे किलोचं जिग.
ऋत्विक पडवळ, शिकाऊ, वय एकोणीस.
डावा पाय, गुडघ्याखाली.

चौकशीच्या कागदावर पहिल्याच ओळीत टाइप केलं होतं :
'मूळ संकल्पना : ल. आल्हाट, ऑपरेटर.'
श्रेय वरच्या मजल्यावरच राहिलं,
दोष जिन्यानं खाली आला.
लहू समोर बसला होता, हात मांडीवर,
नखांत ग्रीस. माझ्याकडे पाहत नव्हता.

पुठ्ठा माझ्या खणात होता, सहा अजून ठळक.
तो बाहेर काढला
तर तीन कुणाचा, हे कुणीतरी विचारणार होतं.
चार दिवस तो खणातच राहिला.
हेही इथे लिहून ठेवते.
पाचव्या दिवशी तो राहिलेला 'ड' लिहिला.
साहेब हळूच म्हणाले, आकडा उत्पादनानं मागितला,
तुम्ही एकट्या कशाला अंगावर घेता?
मागितला त्यांनी. दिला मी.

आता कोथरूडला एका छोट्या ऑफिसात तपासते.
केस चालू आहे. तारीख पडते, पुढे पडते.
सही पूर्ण नावानं करते,
चौकटीबाहेर जाते, रेघेवर चढते.
पोरं म्हणतात, मॅडम, टेम्प्लेट बिघडतं.
बिघडू दे.

पुठ्ठ्यालाही अखेर आकडा मिळाला : निशाणी चौदा.
लहूचा फोन येतो अधूनमधून.
ऋत्विकला भेटून आलो, म्हणतो.
पेटंटचं काही काढत नाही.
पुठ्ठा कधी परत देतील, तेवढं विचारतो :
मागच्या बाजूला दुधाचा हिशेब आहे,
कुणाचे तरी दोन लिटर
द्यायचे राहिलेत.