राणीला कोंडताना

पेटी गच्चीवर आहे, टाकीच्या सावलीत.
उपवन तलावाकडून आलं की तिसरी गल्ली.
सेक्रेटरी पेठकरांना मी सांगितलंय,
तिच्यात कुंड्यांची माती आहे.
त्यांच्याच तुळशीवर सकाळी बसतात ना,
त्या ह्याच.

वसाहत काथोडने दिली,
पाटोणपाड्याच्या वर, उंबराच्या ढोलीतून,
उघड्या हातांनी पोळं काढून, केळीच्या सोपटाने चौकटीला बांधून.
"सातेरी आहे. गरीब जात.
फक्त तिच्यापाशी खोटं बोलू नको."
काथोड वर्षं मोजतो ती कारवीच्या फुलण्यांनी.
त्याच्या हिशोबाने मी साडेचार कारव्यांची आहे.

माघ सरता सरता चौकट उचलली
आणि वास आला नाही.
आला असता तर बरं झालं असतं,
कुजण्याला निदान नाकाची साक्ष असते.
इथे झाकणांना टाचणीएवढी भोकं,
आत अळी, डोकं वर, ताठ,
कुणी हाक मारली म्हणून उठावं
आणि का उठलो तेच विसरावं, तशी.

चिमट्यात धरली तर लोंबली.
कातडीची पिशवी, आत पाणी.
जत्रेतून मासा आणतो आपण, तसली पिशवी,
मासा नसलेली.
जुन्या होत्या त्या वाळून होड्या झालेल्या,
दोन्ही टोकं वर,
चेंदणीच्या बंदरावर ओढून ठेवल्यासारख्या.
चाळीसपर्यंत मोजल्या. मग नाही मोजल्या.

दिवसभर मी नौपाड्याच्या लॅबमध्ये
नळ्यांवर लोकांची नावं चिकटवते.
विषाणू माझ्या ओळखीचा,
म्हणजे त्याचा कागद ओळखीचा:
आढळला. आढळला नाही. खाली सही.
ह्याचा कागद कुणी मागत नाही.
मागितला तरी काय लिहू?
सातेरी, वय सहा दिवस,
राहणार टाकीमागे, ठाणे पश्चिम.

मधमाशीच्या ऑफिसातले ठोसर फोनवर म्हणाले,
"औषध नाही, बाई.
मेलेलं बाळ जी उचलते ना,
तिच्याच घशात तो जाऊन बसतो.
पुढच्या बाळाला ती तोच भरवते. मायेने.
तेव्हा राणीला कोंडा.
अंडी नाहीत, तर बाळं नाहीत.
बाळं नाहीत, तर त्याला खायला काही नाही.
वीस दिवस."
"आणि त्यांना?"
"कुणाला?"

स्टेशनबाहेर कर्लर मिळतात, केसांचे, गुलाबी,
तीस रुपये डझन.
एक घेते म्हटलं तर बाई हसली.
अकरा अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

राणी काळी, लांब, बोटांवरून निसटणारी.
तिसऱ्या खेपेला आत गेली.
दोन्ही टोकांना मेण लावलं
आणि हात पुसला,
पुसण्यासारखं काही नव्हतं तरी.

कामकरी भोकांतून तिला भरवत होत्या.
पहिल्या रात्री पेटीचा सूर उतरला;
कान लावला तेव्हा वाटलं,
घरात कुणीतरी पंखा एकवर केला.
पुढे त्या रिकामी घरं घासत बसल्या,
पाहुणे येणार नाहीत हे माहीत असून
ताटं पुसतात तशा.
खाली पांगारा फुलला. पराग आणला,
पण कमी. कुणासाठी आणायचा?

दारापुढे रोज मेलेल्या माश्या.
मी त्या झाडूने गोळा करायची,
पेठकर यायच्या आत.

विसाव्या दिवशी मेण फोडलं.
ती बाहेर आली नाही.
कर्लरमध्येच मागेपुढे, मागेपुढे.
मग एकदम गेली, गर्दीत,
आणि मला तिची पाठसुद्धा दिसली नाही.

तिसऱ्या दिवशी अंडी.
उन्हाकडे चौकट धरली तेव्हा दिसली,
घराघराच्या तळाशी उभा एकेक तांदळाचा कण,
तोही मोडलेला.

आज नववा.
आता झाकणं बंद होत असतील.
भोकं असतील, किंवा नसतील.
मी पेटीवर नुसता तळहात ठेवून उभी आहे.
ऊब आहे. ऊब तेव्हाही होती.

पेठकर वर आले, टाकीचा कॉक बघायला.
म्हणाले, "काय लावलंय हो ह्यात?"
मी म्हटलं,
अजून वर आलेलं नाही.