मठार

रामकुंडावरची पहाट मी एकशे चाळीस वेळा टिपली.
एकही विकली गेली नाही.
धुकं होतं, दिवे होते, अर्धी बुडालेली पायरी होती,
आणि माझ्यासारखेच कितीतरी जण
त्याच पायरीवर, त्याच धुक्यात, तिवई रोवून.

विकला गेला तो हंडा.

हंडाही नाही खरं तर, हंड्याचं बूड.
भांडी बाजारातून तांबट आळीत वळले होते
ते केवळ ऊन टाळायला.
त्र्यंबकशेठ पालथा हंडा घेऊन मठारत बसले होते,
ठोक्याला लागून ठोका, मासोळीच्या खवल्यांसारखा.
फोटो काढू का?
काढ की. हंडा काय लाजतोय?

पवननगरच्या खोलीत, मुलगा झोपल्यावर,
मी फाइल चढवली.
कागद त्यांचा, शाई त्यांची, खोकं त्यांचं.
माझं फक्त बघणं.
शोधशब्दांच्या चौकटीत लिहिलं :
तांबं, हातोडी, नाशिक, हस्तकला.
सात महिने कुणी फिरकलं नाही.
मग एका रात्री, वैतागून म्हणा,
मी त्यातला रंग काढून टाकला
आणि लिहिलं : चंद्र.

गुरुवारी पहिला गेला. टॅलिनला.
मग एक उशीच्या अभ्र्यावर छापून,
एक मगवर,
एक न्हाणीघराच्या पडद्यावर (त्याचं मला अजून हसू येतं),
एक पाळण्यामागच्या भिंतीसाठी,
तीस बाय चाळीस, मॅट.
कुठल्या गावात छापतात ते कळत नाही,
कुणाच्या हातांनी गुंडाळतात तेही नाही.
मला कळतं ते एवढंच :
एक डॉलर ब्याऐंशी सेंट.
वीस भरेपर्यंत तेही हातात पडत नाहीत.

पोरी, त्या फोटोचं काय झालं?
परदेशात गेला, शेठ.
मग एक मला पण दे. मी कुठं परका आहे?

कॉलेज रोडला ऐंशी रुपयांत छापून मिळाला असता.
पण मला वाटलं, त्यांना जातो तोच यांना मिळावा.
स्वतःच्याच दुकानातून स्वतःचाच चंद्र मागवला.
कुरिअर, कस्टम, सगळं धरून तेवीसशे.
पंधरा चंद्र खपले की फिटेल.
तोवर खपले होते नऊ.

नळकांड्यातून बाहेर आला तेव्हा
शेठनी आधी पायजम्याला हात पुसले.
कागद धरला आणि सवयीनं टिचकी मारली.
कागद वाजला नाही.
मी चंद्राचं सांगून टाकलं. खोटं बोलल्याचं.
ते ऐकतच नव्हते.
डोळे बारीक करून म्हणाले, हा बघ,
इथं ठोका हुकलाय.

बोट नेमकं त्या विवरावर होतं
ज्याच्यामुळे तो चंद्र वाटतो.

निस्तरला मी तो, म्हणाले. त्याच दिवशी.
गिऱ्हाइकाला असा कसा देणार?
हंडा गेला सिन्नरला, रुखवतात.
आता त्यात काही सापडायचं नाही कुणाला.

म्हणजे तो हुकलेला ठोका नाशिकमध्ये नाहीच आता.
टॅलिनमध्ये आहे.
कुणाच्या तरी पाळण्यामागे आहे,
आणि एका ओल्या पडद्यावर, साबणाच्या वासात.

शेठनी चार टाचण्या काढल्या,
कागद उलटा फिरवला, डोकं खाली पाय वर.
उजेड माझ्याकडं वरून येतो, म्हणाले, तू उलटा लावतेस.
आणि घमेल्यांच्या वरच्या भिंतीवर ठोकून टाकला.
चारही टाचण्या
एकेका ठोक्यात.

रात्री चौकट उघडली. शेवटची एक जागा रिकामी होती.
त्र्यंबकशेठ, असं लिहिलं.
हा शब्द शोधत कुणी येणार नाही.
राहू दिला.

फोटो मात्र सुलटा केला नाही. गिऱ्हाइकांना काय कळतंय.

माझा मीच घेतलेला धरून दहा झाले.
अठरा डॉलर वीस.
अजून एक चंद्र जायला हवा.